बाळाभोवतीचं पाणी कमी: सॅशे, पावडर आणि राहून गेलेला एक प्रश्न

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. पहिली खेप, ३१ आठवडे पूर्ण, सोनोग्राफीत एएफआय, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याचं माप, ७.४ आला. बाळाचं वजन आठवड्यांना धरून आहे, तुमचा रक्तदाब ठीक आहे. डॉक्टरांनी आर्जिनिनचं सॅशे दिवसातून दोनदा आणि प्रोटीन पावडर दोनदा लिहून दिली, दोन आठवड्यांनी परत सोनोग्राफी सांगितली. सासूबाईंनी शतावरी कल्प आणून ठेवलाय. शेजारच्या काकू रोज तीन शहाळी प्यायला सांगतात. मेडिकलवाला म्हणतो अमिनोची, म्हणजे प्रथिनांतल्या अमिनो आम्लांची, सलाईन लावून घ्या, आठ दिवसांत पाणी भरतं. महिन्याचं बिल अडीच हजारांच्या पुढे जातंय. यातलं नेमकं काय लागू पडतं आणि सगळं परवडत नसेल तर काय सोडलं तर चालेल, असं तुम्ही विचारलंय.

खानदेशात २६ वर्षं बाळंतपणं करतेय, आणि एप्रिल-मे लागला की दर दोन दिवसांनी हीच चिठ्ठी माझ्या टेबलावर येते. नाव वेगळं, आकडा थोडा मागेपुढे, औषधं तीच. माझं मत सरळ सांगते. आकडा वाढवण्याच्या बाबतीत साध्या पाण्याला जेवढा पुरावा आहे तेवढा दुसऱ्या कशालाच नाही. सॅशेने थोडाफार फरक पडत असेल. पावडरने गर्भजलात काही फरक पडत नाही. पण तुम्ही कळवलेल्या एवढ्या सगळ्यात एक गोष्ट कुठेच दिसली नाही: पाणी कमी का झालं?

हे पाणी येतं कुठून, ते आधी सांगते, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. बहुतेक जणींना वाटतं की आईने खाल्लं-प्यायलं की ते पिशवीत जाऊन साठतं. सुरुवातीच्या महिन्यांत पाणी बऱ्याच अंशी आईच्या रक्तातूनच झिरपतं, हे खरं. पण साधारण १६ आठवड्यांनंतर पिशवीतलं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. थोडा वाटा फुप्फुसांतून येणाऱ्या द्रवाचा. बाळ तेच पाणी गिळतं, पचवतं, परत लघवी करतं. दिवस भरत आलेलं बाळ दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर, कधी त्याहून जास्त लघवी करतं. म्हणजे हे साठलेलं तळं नाही, रोज भरणारी आणि रोज उपसली जाणारी विहीर आहे. ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास पाणी सगळ्यात जास्त असतं, ८०० मिलीच्या आसपास. मग ते हळूहळू उतरतं आणि ४० आठवडे उलटल्यावर आणखी भराभर उतरतं.

विहिरीत दोर सोडून पातळी मोजली तर ती खाली गेल्याचं कळतं. झरा आटलाय, बांधकामाला भेग गेलीय की उन्हाळाच कडक आहे, हे दोर सांगत नाही. एएफआय म्हणजे तो दोर.

आता त्या दोराबद्दल. पोटाचे चार भाग पाडून प्रत्येक भागातल्या सगळ्यात खोल पाण्याची उभी खोली सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि चारही आकड्यांची बेरीज करतात, तो एएफआय. ही पद्धत १९८७ पासून रूढ झाली. ५ च्या खाली गेला की आम्ही पाणी कमी म्हणतो, ५ ते ८ ला काठावरचं म्हणतो. तुमच्या आठवड्यांना मधला आकडा १४ च्या आसपास असतो. म्हणजे तुमचं पाणी बेताचं आहे हे खरं, पण ७.४ ही धोक्याची घंटा नव्हे. आणि हा आकडा तितका पक्काही नसतो. त्याच बाईची, त्याच दिवशी, दुसऱ्या डॉक्टरने सोनोग्राफी केली तर एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. मशीनचा दांडा पोटावर जरा दाबून धरला की आकडा उतरतो. बाळाने त्या क्षणी हात मध्ये आणला तरी उतरतो. म्हणून ७.४ चं पुढच्या वेळी ८.६ झालं की 'सॅशे लागू पडलं' आणि ६.८ झालं की 'घात झाला', यातलं काहीच लगेच म्हणता येत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे सगळ्यात खोल एकाच जागेची खोली मोजणं. ती २ सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी पुरेसं. या दोन पद्धतींची तुलना करणारा एक मोठा अभ्यास जर्मनीत झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हजारावर बायका होत्या. एएफआय मोजलेल्या गटात 'पाणी कमी' असं निदान जास्त जणींचं झालं, त्यापायी कळा आणण्याचं प्रमाणही वाढलं, पण बाळांच्या तब्येतीत काही फरक पडला नाही. मी स्वतः आता खोल जागेच्या मापावर जास्त भिस्त ठेवते. तुमच्या रिपोर्टमध्ये चार आकडे वेगवेगळे दिलेले असतील. त्यातला सगळ्यात मोठा किती आहे ते बघा. २ च्या वर असेल तर आज रात्री नीट झोपा.

आता 'का' कडे येते, इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिली शंका पाणी गळतंय का. पिशवीला वर कुठेतरी बारीक छिद्र पडलं तर पाणी भसकन जात नाही, थेंबथेंब जातं. बायकांना वाटतं अंगावरून पांढरं जातंय किंवा खोकताना लघवी सुटतेय. काही वर्षांपूर्वी ३३ आठवड्यांची एक मुलगी माझ्याकडे आली. तीन आठवडे दुसरीकडे सॅशे आणि पावडर चालू होती, आकडा दर वेळी खालीच. मी विचारलं, परकर ओला होतो का गं? म्हणाली, हो, दिवसातून दोनदा बदलते, पण ते बाईपणाचंच असेल म्हणून बोलले नाही. तपासलं तर पिशवी फुटलेली. तिला हवी होती ती अँटिबायोटिक्स, बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं आणि दवाखान्यात भरती. सॅशे तिच्या काय कामाचं होतं? तुम्हाला ओलेपणाची जरा जरी शंका असली तर स्वच्छ पॅड लावून दोन-तीन तास फिरा, त्याला कसला वास येतो, किती भिजतं ते बघा आणि तसंच दवाखान्यात दाखवा. ही गोष्ट सोनोग्राफीवरून कळत नाही, तपासूनच कळते.

दुसरी शंका औषधांची, आणि ही आपल्याकडे फारच दुर्लक्षित आहे. कंबरदुखीवरच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, या सगळ्या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावतात. बाळ लघवी कमी करतं, पाणी उतरतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०२० मध्ये २० आठवड्यांनंतर अशा गोळ्या टाळा असा स्पष्ट इशारा दिला. दिलासा एवढाच की गोळी बंद केली की बहुतेक वेळा पाणी परत येतं. एक शेतमजूर बाई आठवते, केळीचे घड उचलून उचलून कंबर गेलेली, किराणा दुकानातून पाच रुपयांची पुडी घेऊन रोज गोळी खायची. एएफआय ४. पुडी बंद केली, पॅरासिटामॉल दिलं, दहा दिवसांनी ९ झाला. एकही सॅशे नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्याही, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या कुळातल्या, हेच करतात. तुम्हाला रक्तदाब नाही म्हणता, पण हे वाचणाऱ्या कोणाला असेल तर गोळी स्वतः बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या. आणि कमी डोसची ॲस्पिरिन, जी काही जणींना रक्तदाब वाढू नये म्हणून आम्हीच देतो, ती या यादीत नाही. ती घाबरून सोडू नका.

तिसरी शंका वारेची. वारेतून रक्त कमी पोचत असेल तर बाळ शहाणपणा करतं: मेंदू आणि हृदयाकडे रक्त वळवतं, मूत्रपिंडाचा वाटा कापतं. लघवी कमी, पाणी कमी, वजनही मागे. इथे पाण्यापेक्षा वजन आणि डॉपलर, म्हणजे नाळेतल्या रक्तप्रवाहाची तपासणी, महत्त्वाची. वजन बरोबर आहे असं तुम्ही लिहिलंय, ही मोठी चांगली बातमी आहे. पण डॉपलर झालंय का ते लिहिलं नाहीत.

चौथी म्हणजे बाळाच्या मूत्रपिंडातला किंवा लघवीच्या मार्गातला जन्मजात दोष. तो बहुतेक वेळा १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसतो. तुमची ती झाली असेल आणि नॉर्मल असेल तर हा विषय इथेच सोडू.

या सगळ्यातून काही निघालं नाही की उरतो तो सगळ्यात मोठा गट: कारण सापडत नाही, बाळ छान आहे, पाणी जरा बेताचं आहे. माझ्या खुर्चीत बसून दिसतं ते सांगते, या गटातल्या निम्म्या बायका नीट पाणीच पीत नाहीत.

आणि त्यात त्यांचा दोष नसतो. कापूस वेचायला गेलेल्या बाईला आडोसा नसतो, म्हणून ती सकाळपासून घोट घोट पिते. बसस्टँडच्या संडासात पाय ठेववत नाही म्हणून नोकरीवाली बाई ऑफिसला जाईपर्यंत तोंड कोरडं ठेवते. घरी सासू सांगते, फार पाणी पिऊ नको, अंगावर सूज येईल, बाळ मोठं होऊन अडेल. यातलं काहीही खरं नाही. पायावरची सूज पाणी प्यायल्याने येत नाही. आमच्या जळगाव-भुसावळच्या उन्हात पारा ४४-४५ ला टेकतो, घामावाटे किती जातं याचा हिशेब कोणी करत नाही.

पाण्याचा पुरावा असा आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत पाणी कमी असलेल्या बायकांना दोन ते चार तासांत दोन लिटर पाणी पाजून परत सोनोग्राफी केली. आकडा सरासरी ३१ टक्क्यांनी वाढला. पुढे २००२ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात पाणी कमी असलेल्यांमध्ये साधारण २ सेंटिमीटरची वाढ दिसली. एकूण बायका जेमतेम सव्वाशे, आणि आकडा वाढला म्हणजे बाळाचं भलं झालंच, हे त्यातून सिद्ध होत नाही, हेही सांगायला हवं. पण फुकटच्या उपायाकडून आणखी किती अपेक्षा करायची?

हे घडतं कसं ते गमतीचं आहे. साधं पाणी पोटात गेलं की आईचं रक्त किंचित पातळ होतं, त्यातल्या क्षारांचं प्रमाण उतरतं. वारेच्या पलीकडे बाळाचं रक्त त्या मानाने दाट राहतं, म्हणून पाणी तिकडे ओढलं जातं. बाळाला पाणी जास्त मिळालं की ते लघवी जास्त करतं. आता याचाच दुसरा अर्थ बघा: शिरेतून दिलेली नेहमीची सलाईन, जिच्यात क्षार रक्ताइतकेच असतात, ती हा ओढा तयारच करत नाही. त्या आढाव्यात अशा सलाईनने आकड्यात मोजण्यासारखी वाढ झाली नाही. आपल्याकडे मात्र 'अशक्तपणा आहे, सलाईन लावा' हा सगळ्या रोगांवरचा तोडगा. तोंडाने पिता येतंय तोवर तांब्या घ्या. उलट्या चालू असतील, पोटात काही टिकत नसेल, तर सलाईनला अर्थ आहे.

किती प्यायचं? दिवसभरात सगळं मिळून अडीच ते तीन लिटर, उन्हाळ्यात त्याहून थोडं जास्त. ताक, पातळ वरण, कढी, लिंबू सरबत हे त्यात धरा. चहा धरू नका. लघवीचा रंग गवताच्या वाळक्या काडीसारखा फिका असला की पुरेसं चाललंय, हळदीसारखा गडद असला की कमी. एका बैठकीत दोन लिटर ढोसायची गरज नाही, तो प्रयोगाचा भाग होता. बाटली जवळ ठेवा, तासाला एक भांडं. आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाब वाढून अंगभर सूज असेल, तर हे माप तुमच्यासाठी नाही, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

विश्रांतीचं म्हणाल तर डाव्या कुशीवर पडून राहिल्याने गर्भपिशवीकडे रक्त मोकळेपणाने जातं आणि आकडा थोडा वर येतो. दुपारी दीड-दोन तास पडा. पण महिनाभर खाटेवर झोपवून ठेवण्याची जी पद्धत आहे तिने पाणी वाढत नाही, पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका मात्र वाढतो.

आता सॅशे. आर्जिनिन हे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल. शरीर त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. मग वारेकडे रक्त जास्त जाईल, बाळाला जास्त मिळेल, पाणी वाढेल, असा तर्क. तर्क वाईट नाही. २०११ मध्ये मेक्सिकोत रक्तदाब वाढण्याचा धोका असलेल्या बायकांना आर्जिनिन आणि जीवनसत्त्वं घातलेल्या वड्या खायला दिल्या, तेव्हा त्या आजाराचं प्रमाण घटलं. पण तो रक्तदाबाचा अभ्यास होता, गर्भजलाचा नव्हता. गर्भजलावर आपल्याकडे जे अभ्यास झाले ते छोटे आहेत, बऱ्याच ठिकाणी तुलनेसाठी दुसरा गटच नाही. त्यात आकडा वाढलेला दिसतो, पण त्या बायकांना त्याच वेळी पाणी प्या, आराम करा हेही सांगितलेलं असतं. मग वाढलं ते कशाने? त्यात काठावरचा आकडा दुसऱ्या मोजणीत बऱ्याचदा आपोआपच वर येतो, ते वेगळंच.

म्हणून सॅशेला मी ना विष म्हणते, ना औषध. एका सॅशेत साधारण ३ ग्रॅम आर्जिनिन असतं. बहुतेकींना सोसतं. काहींना पोट बिघडतं, जुलाब होतात, कोणाचा रक्तदाब मुळातच कमी असेल तर घेरी येते. मी स्वतः कधी देते? वजन मागे आहे, डॉपलर काठावर आहे आणि बाईला परवडतं आहे, तेव्हा कधीकधी देते, आणि देताना सांगते की याची खात्री नाही. तुमच्यासारख्या, वजन बरोबर असलेल्या बाईला मी ते लिहिलं नसतं. पण तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासलंय, मी नाही. त्यांना विचारूनच बंद करा.

जाता जाता एक हिशेब. १०० ग्रॅम शेंगदाण्यात जवळपास ३ ग्रॅम आर्जिनिन असतं, म्हणजे एका सॅशेइतकंच. तिळातही भरपूर. एक मूठ दाणे आणि तिळाचा एक लाडू, एवढ्यात निम्म्या सॅशेच्या आसपास पोचता, आणि सोबत प्रथिनं, चांगली चरबी, थोडं लोहही मिळतं. खानदेशात दाण्याशिवाय भाजी होत नाही, हे आपलं नशीब.

प्रोटीन पावडरवर माझा राग जुना आहे. राग पावडरवर नाही, तिच्या भीती घालून खपण्यावर आहे. पाणी प्रथिनांनी वाढत नाही. गरोदरपणी प्रथिनं जास्त लागतात हे मात्र खरं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे शेवटच्या तीन महिन्यांत नेहमीपेक्षा दिवसाला २२ ग्रॅम जास्त. ही भर घरात निघते: दोन कप दुधाचे साधारण १४-१५ ग्रॅम, एका अंड्याचे ६, मूठभर दाण्यांचे ७. झाले की. शाकाहारी असाल तर अंड्याऐवजी एक मोठी वाटी दाट वरण किंवा उसळ. कळण्याची भाकरी हा तर आपल्या आजीबाईंचा प्रोटीन डबाच आहे, ज्वारीत उडीद मिसळले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. फुनके-कढीचंही तेच, वाफवलेली डाळ आणि वर पातळ कढीचं पाणी. पावडरचा डबा उलटा करून मागचा तक्ता वाचा, एका वेळच्या मापात प्रथिनं किती आणि साखर किती ते बघा. साखरेच्या ओळीकडे गरोदरपणी मधुमेह निघालेल्या बायकांनी तर नक्कीच बघावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात कुपोषित भागांतल्या गरोदर बायकांनाही जास्त प्रथिनांची वेगळी पूरकं देऊ नका असं म्हटलंय. संतुलित, म्हणजे पुरेशा उष्मांकांसोबत थोडी प्रथिनं, हे चालेल असं ते सांगतात. साध्या भाषेत, पोटभर जेवण. अंगणवाडीतून मिळणारा कोरडा आहार बऱ्याच जणी घरी आणून गुरांना घालतात, त्याचा शिरा नाहीतर थालीपीठ करा आणि स्वतः खा.

पावडरला माझ्या लेखी जागा एकच आहे. जी बाई वासानेच मळमळते, जेवणच जात नाही, वजन महिनाभर हललं नाही, तिला दुधात घालून दोन चमचे. तो अन्नाचा पर्याय झाला, पाण्याचं औषध नव्हे.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा या आकड्याशी थेट संबंध नाही, पण त्या चुकवू नका. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, निदान १८० दिवस घ्यायची. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमची दोनदा. दोन्ही एका वेळी घेतल्या तर लोह वाया जातं, दोन तासांचं अंतर ठेवा. सॅशेपायी पैसे संपले म्हणून लोहाची गोळी सोडलेल्या बायका मी पाहिल्यात. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं.

अमिनोची सलाईन: महाग, शिरेला त्रास, फायद्याचा भक्कम पुरावा नाही. जेवण जाणाऱ्या बाईला मी देत नाही. आणि मेडिकलच्या काउंटरवरून सलाईनचा सल्ला घेऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

काही ठिकाणी सिल्डेनाफिल या रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या औषधाच्या गोळ्याही याच कारणासाठी देतात, म्हणून सांगून ठेवते. आकडा वाढल्याचे छोटे अभ्यास तिच्याबाबतही आहेत. पण वाढ खुंटलेल्या बाळांवर नेदरलँड्समध्ये तिचा मोठा प्रयोग चालू होता, तो २०१८ मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण जन्मल्यावर काही बाळांच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास दिसला आणि त्यात बाळं दगावली. तुमच्या चिठ्ठीत हे नाव आलं तर 'का' हे नक्की विचारा. आकडा वर गेला म्हणजे बाळ सुखरूप, असं नसतं हे सांगायला याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

शहाळं चांगलंच आहे, कारण ते पाणी आहे. रोज एक ठीक. तीन शहाळ्यांच्या पैशांत आठवड्याचं दूध येतं. मधुमेह असेल तर त्यातली साखर मोजायला हवी, मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे नकोच. शतावरी कल्पाने गर्भजल वाढतं याचा विश्वास ठेवण्याजोगा पुरावा नाही, आणि बाजारातल्या कल्पात मोठा भाग साखरेचाच असतो. सासूबाईंनी प्रेमाने आणलाय, तर साखर नॉर्मल असेल आणि तुमच्या डॉक्टरांना सांगितलं असेल तर दुधात एखादा चमचा घेतल्याने बिघडणार नाही. त्यावर विसंबू मात्र नका.

आता ज्या गोष्टींना वाट बघायची नाही त्या. बाळाची हालचाल रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली भरायला हव्यात, बहुतेकदा अर्ध्या तासातच भरतात. भरल्या नाहीत किंवा नेहमीपेक्षा बाळ गप्प वाटलं तर सकाळची वाट न बघता निघा. अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यापुढे अंधारी आली, पोट दगडासारखं कडक होऊन दुखत राहिलं, तरी तसंच. त्या वेळी पाणी पिऊन बघते म्हणून घरी थांबू नका. खासगीत जमत नसेल तर सरकारी रुग्णालयात जा, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिथली तपासणी, बाळंतपण आणि रुग्णवाहिका मोफत आहे. एरवीच्या तपासणीसाठी दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवा, सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर बघतात.

खरंच पाणी कमी राहिलं, सगळ्यात खोल जागा २ च्या खाली गेली, तरी बाळ एरवी चांगलं असेल तर लगेच सिझर असं नसतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना अशा वेळी ३६ ते ३७ आठवडे ६ दिवस या दरम्यान बाळंतपण करावं असं सांगते, आणि कळा आणून नॉर्मल होण्याची संधी बऱ्याच जणींना असते. तुम्हाला अजून पाच आठवडे हातात आहेत.

तर पुढच्या सोनोग्राफीआधीचे दोन आठवडे पाणी मोजून प्या, दुपारी पडा, कंबर दुखली तर बामाची बाटलीसुद्धा डॉक्टरांना दाखवून लावा, कारण त्यातल्या काहींत डायक्लोफेनॅक असतं. सोनोग्राफीला उपाशी-तहानलेल्या जाऊ नका, सकाळपासून नेहमीसारखं पिऊन जा, नाहीतर रांगेत उन्हात दोन तास बसल्याचाच आकडा छापून येईल. शक्यतो त्याच ठिकाणी करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. डॉक्टरांना विचारा: डॉपलर कसं आहे, सगळ्यात खोल जागा किती, बाळाच्या पोटाचा घेर मागच्या वेळेपेक्षा वाढला का, आणि पाणी गळत नाही हे एकदा तपासून बघाल का? चारही उत्तरं चांगली आली तर त्याच बैठकीत म्हणा, मॅडम, पावडर बंद करून घरचं खाल्लं तर चालेल ना, आणि सॅशे किती दिवस? माझा अनुभव असा की असं सरळ विचारलं की बहुतेक डॉक्टर हसून पावडर खोडतात. आम्हीही ती पुष्कळदा एवढ्यासाठीच लिहितो की काही न लिहिता पाठवलं तर घरचे म्हणतात, डॉक्टरीण बाईंनी काहीच दिलं नाही.